हिरीची बाटली आणि शालनची

शालनचा डावा डोळा पहिल्यांदा लाल झाला तेव्हा तिला वाटलं, कापडातला एखादा तंतू गेला असेल. कान्ह्याच्या स्टेशनपासून पाच मिनिटांवर तिचं घर आणि पुढच्या खोलीत खिडकीशी तिची शिलाई मशीन. आजूबाजूच्या चार गावांतल्या बायका तिच्याकडून ब्लाउज शिवून घ्यायच्या. तिनं डोळ्यावर गार पाण्याचे हबके मारले आणि काम चालू ठेवलं. चार दिवसांनी उजेडाकडे बघवेना, डोळ्याला धार लागली, तेव्हा नवरा भिकाजीनं रजा टाकली आणि तिला तळेगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. भिकाजी तेव्हा रेल्वेत गँगमन होता. मुलगा आकाशही सोबत गेला.

डॉक्टर रुपालींनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या दिव्याखाली बराच वेळ पाहिलं. बुबुळावर वाळक्या फांदीसारखी एक बारीक रेघ होती.

"हा हर्पिस आहे," त्या म्हणाल्या.

आकाशनं मोबाइलवर तो शब्द शोधला आणि त्याचे कान लाल झाले.

"काय लिवलंय?" भिकाजीनं विचारलं.

"काय न्हाई," म्हणून त्यानं मोबाइल खिशात टाकला.

डॉक्टरांना हसू आलं. "तुम्ही वाचलंत ते बहुतेक ह्याच्या भावकीतल्या दुसऱ्याबद्दल. हा वेगळा. ताप येऊन गेल्यावर ओठावर फोड येतात ना, ते ह्याचंच काम. लहानपणी कधीतरी अंगात शिरतो आणि कानाच्या वरच्या अंगाला एका नसेच्या गाठीत जाऊन झोपतो. ऊन लागलं, ताप आला, दगदग झाली की उठतो आणि नस धरून खाली येतो. कुणाच्या ओठावर येतो, कुणाच्या डोळ्यात."

"म्हणजे जात न्हाई कधीच?" शालननं विचारलं.

"झोपलेला राहिला तरी आपल्याला पुष्कळ."

मलम आणि गोळ्यांनी डोळा बरा झाला. पण दीड वर्षानं तो पुन्हा लाल झाला, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला बुबुळावर पांढुरका डाग राहिला आणि शालनला समोरच्या माणसाचे नाक-डोळे धुक्यातून दिसावेत तसे दिसू लागले. आठ वर्षांत चार वेळा असं झालं. चौथ्या खेपेनंतरच्या फेब्रुवारीत डॉक्टर रुपाली तिला म्हणाल्या, "एका नव्या औषधाची चाचणी सुरू होतेय. तुमची इच्छा असेल तर रेणुकाला भेटा. नसली तरी तुमचे नेहमीचे उपचार आहेत तसेच चालू राहतील."

रेणुका लोणावळ्याची, तिशीतली. चाचणीत कोण येतंय, कधी येतंय, कुणाला काय त्रास होतोय, हे सगळं तिच्याकडे असायचं. तिच्या खोलीत शालन गेली तेव्हा बाकावर आधीच एक बाई बसली होती. नऊवारीचा काष्टा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पायाशी रिकामी पाटी. सकाळी कामशेतच्या बाजारात पावट्याच्या शेंगा विकून ती तशीच गाडीत बसून आली होती. तिचं नाव हिरी. टाकवे बुद्रुकच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकरांची वाडी आहे, तिथली. तिचा उजवा डोळा तीनदा आला होता.

रेणुकानं दोघींना एकदमच समजावून सांगायला घेतलं. कोपऱ्यात कॅमेरा चालू होता.

"ह्यो कशाला?" हिरीनं विचारलं.

"तुम्हाला सगळं नीट सांगितलं आणि तुम्ही आपल्या मर्जीनं हो म्हणालात, ह्याचा पुरावा. सरकारचा नियम आहे." मग तिनं सांगितलं, की विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं, हातासारखं. आणि आपल्या बुबुळाच्या पेशींवर दुसरं एक प्रथिन असतं, दाराच्या कडीसारखं. विषाणूच्या हातानं ही कडी धरली की दार उघडतं आणि तो आत शिरतो. "आत्ताच्या गोळ्या तो आत शिरल्यावर त्याची वाढ थांबवतात. हे नवं औषध त्याला कडीच धरू देत नाही. ते त्याच्या हातात जाऊन बसतं. हात आधीच भरलेला, मग धरणार कशानं?"

शालननं मान हलवली, पण तिला ते अर्धंच कळलं होतं. हिरी मात्र खिडकीबाहेर बघत विचार करत होती.

"भाताच्या आवणीला चिखलात उतरायच्या आदी आमी पायाला चुना-तंबाखू चोळतो," ती म्हणाली. "मंग जळू चिकटत न्हाई. तसंच का?"

रेणुका लिहिता लिहिता थांबली. "जवळजवळ तसंच, मावशी. फक्त तुम्ही पायाला चोळता. आम्ही जळवेच्या तोंडाला चोळतोय."

"आसं सांग की मंग."

पुढचं सांगणं अवघड होतं. निम्म्या लोकांच्या बाटलीत औषध असेल आणि निम्म्यांच्या बाटलीत औषधाशिवायचं तसंच दिसणारं पाणी. कुणाला काय मिळालं ते रेणुकालाही ठाऊक नसणार आणि डॉक्टरांनाही नाही. बाटलीवर फक्त नंबर. नेहमीच्या गोळ्या मात्र सगळ्यांना.

"पानी घालाया एवढं लांबून यायचं?" हिरीनं विचारलं.

"हा डोळा कधी कधी आपोआपही दोन-दोन वर्षं शांत राहतो. सगळ्यांना औषध दिलं आणि डोळे चांगले राहिले, तर ते औषधानं की आपोआप, हे आम्हाला कळायचं कसं?"

हिरीनं शालनकडे पाहिलं. शालननं हिरीकडे. तोवर दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

"तू करतीस का सई?" हिरीनं विचारलं.

"करते," शालन म्हणाली. "पुढं कुनाच्या तरी पोरीबाळींच्या कामी येईल."

शालनला सतरा नंबरची बाटली मिळाली, हिरीला बेचाळीस. दिवसातून तीन थेंब आणि प्रत्येक थेंबाची कागदावर खूण. हिरीला वाचता येत नव्हतं म्हणून रेणुकानं तिच्या कागदावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि मावळता सूर्य अशी चित्रं काढून दिली. बाटली गारव्यात ठेवायची होती. वाडीवर फ्रिज कुणाकडे नव्हता, तेव्हा हिरीनं फडक्याची पिशवी करून ती पाण्याच्या माठाच्या गळ्याला बांधली.

परतीच्या लोकलला दोघी एकाच डब्यात चढल्या आणि दोघींना कान्ह्यालाच उतरायचं होतं. वडगाव येईपर्यंत हिरीनं शालनची सगळी चौकशी केली होती: माहेर बेडश्याचं, लेक एक, सून अजून नाही, मशीन पायाची का लायटीची. त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्या बरोबरच जाऊ-येऊ लागल्या. शालन डब्यात दोन भाकऱ्या जास्त टाकायची. हिरी उन्हाळ्यात करवंदं आणायची, पाऊस पडल्यावर भारंगी आणि कुरडूची भाजी. भाजी कशी करायची तेही सांगायची आणि पुढच्या महिन्यात, सांगितली तशीच केली का, ते विचारायची.

बोलणं फिरून फिरून बाटल्यांवर यायचं.

"माजी झोंबते," शालन म्हणाली. "टाकली की घटकाभर डोळा उघडवत न्हाई."

"मपली न्हाई झोंबत. गार लागती. बरं वाटतं."

"बरं वाटतं?"

"व्हय. माठातल्या पान्यावानी."

झोंबतं ते औषध आणि गार लागतं ते पाणी, हे न बोलताच दोघी धरून चालल्या. शालनला तेव्हापासून हिरीच्या शेजारी बसलं की उगीचच चोरट्यासारखं वाटू लागलं. हिरीला त्याचं काही नव्हतं. "निम्म्यांना पानी मिळनारच हुतं," ती म्हणायची, "त्यात मी घावले."

सप्टेंबरात, भात निसवून लोंब्या दिसायला लागल्या तेव्हा, हिरी कान्ह्याच्या फलाटावर उजव्या डोळ्यावर पदर धरून उभी दिसली. आठ दिवस ताप होता. ताप गेला आणि डोळा आला. शालननं तिचा दंड धरून तिला डब्यात चढवलं. दवाखान्यात डॉक्टर रुपालींनी निळ्या दिव्याखाली पाहिलं, तीच फांदी. त्यांनी मलम वाढवून दिलं आणि चाचणीचे थेंबही चालू ठेवायला सांगितले.

परतताना हिरी खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिची बडबड बंद होती, आणि शालनला तेच सहन होईना.

"कापनी कधी हाय?" तिनं विचारलं.

"तीन आठवड्यानं. डोळा आसा ऱ्हायला तर इळा कसा धरू? मागल्या खेपंला बोटावर मारून घ्येतला." तिनं डाव्या हाताचं बोट दाखवलं.

शालननं पिशवीतून सतरा नंबरची बाटली काढली आणि हिरीच्या मांडीवर ठेवली. "ही घे. तुजी मला दे."

"खुळी हायस का?"

"मला सात महिने काय झालं न्हाई. एक महिना मी पान्यावर काढीन. तुजी कापनी होऊ दे, मग परत घेईन माजी."

"आन् तुपला डोळा आला मंजी?"

"मी बसून शिवते, हिरे. मला इळा धरायचा न्हाई."

कान्हे येईपर्यंत हिरीनं चार वेळा नाही म्हटलं. गाडी थांबली तेव्हा मात्र तिनं मुकाट्यानं आपली बाटली फडक्यातून सोडली आणि शालनच्या हातात दिली. दोघी एकमेकींकडे न बघता उतरल्या.

हिरीचा डोळा पंधरा दिवसांत निवळला. कापणी तिनं आपल्या हातानं केली. शालनच्या डोळ्यालाही काही झालं नाही. बेचाळीस नंबरची बाटली तिला झोंबतच होती, पण भीतीनं तसं वाटत असेल, असं म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही. सगळं सुरळीत होतं. फक्त कागदावर खूण करताना तिचा हात अडायचा. वर नंबर होता सतरा आणि डोळ्यात जात होता बेचाळीस.

दर रविवारी सकाळी विहारात वंदना व्हायची. पंचशील म्हणताना शालनचा आवाज बायकांमध्ये सगळ्यात खणखणीत असायचा. त्या महिन्यात चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की तो आवाज खाली जायचा. पहिल्या रविवारी तिनं ते पुटपुटल्यासारखं म्हटलं. दुसऱ्या रविवारी खोकल्याचं निमित्त केलं. तिसऱ्या रविवारी शेजारच्या नंदाबाईंनी विचारलंच, "शालन, घसा बसलाय का गं तुझा?"

ऑक्टोबरातल्या मंगळवारी गाडीत बाटल्या पुन्हा आपापल्या ठिकाणी गेल्या. रेणुका दर वेळी वापरलेली बाटली वजन करून ठेवून घ्यायची आणि त्याच नंबरची नवी द्यायची. नंबर बरोबर होते, वजनंही बरोबर होती. तिनं शालनचा कागद उचलून बाकावरच्या सगळ्यांना दाखवला. नव्यानं भरती झालेले पाच-सहा जण बसले होते.

"हा बघा. आठ महिन्यांत एक थेंब चुकलेला नाही. असा कागद मला सगळ्यांकडून हवाय. शालनमावशी म्हणजे माझा सगळ्यात भरवशाचा माणूस."

बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं कौतुकानं मान डोलावली. शालनचा चेहरा तापला. तिनं हिरीकडे पाहिलं. हिरी जमिनीकडे बघत होती.

"मॅडम," शालन म्हणाली, "तो कागद खोटा हाय."

रेणुकानं हात खाली घेतला. "म्हणजे?"

"शेवटचा महिना मी माजी बाटली वापरलीच न्हाई. हिरीची वापरली. माजी तिला दिलती."

"मीबी हाय त्यात," हिरी लगेच म्हणाली. "तिला येकलीला बोलू नगंस."

रेणुकानं दोघींना आतल्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि आधी डॉक्टर रुपालींना बोलावलं. आजारी डोळ्याला लागलेलं बाटलीचं टोक दुसऱ्याच्या डोळ्याला लागलं तर भलतेच जंतू जाऊ शकतात. डॉक्टरांनी दोघींचे दोन्ही डोळे तपासले. सगळं ठीक होतं. तेव्हा कुठं रेणुका खुर्चीत बसली.

"का केलंत पण?"

शालननं सगळं सांगितलं. झोंबण्याचं, गार लागण्याचं, विळ्याचं, कापणीचं. सांगता सांगता तिला रडू आलं. हिरी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

"झोंबतं म्हणून ते औषध?" रेणुका म्हणाली. ती रागावली होती, तरी तिच्या तोंडाची कड हलली. "अहो मावशी, दोन्ही बाटल्यांमध्ये झोंबणारं जे काय आहे ते अगदी सारखं घातलंय. कुणाला ओळखू येऊ नये म्हणूनच. तुमचा डोळा कोरडा आहे, दिवसभर सुईकडे टक लावता म्हणून. तुम्हाला साधं पाणी घातलं तरी झोंबेल."

शालनचं रडणं थांबलं.

"मंग हिची खरी का खोटी?" हिरीनं विचारलं.

"मला माहीत नाही. खरंच नाही. ते संगणकात बंद आहे आणि चाचणी संपेपर्यंत कुणीच उघडू शकत नाही. पण हा एक महिना आता कुणालाच काही सांगू शकणार नाही. कुणी कुठलं औषध घेतलं त्याचा भरवसाच नाही. आणि हे मला वर कळवावं लागेल. पुढं काय करायचं ते चाचणीवर देखरेख ठेवणारी समिती ठरवेल."

"काढून टाकतील का आमाला?" शालननं विचारलं.

"सांगता येत नाही."

घरी गेल्यावर शालननं भिकाजीला सांगितलं. तो आता निवृत्त झाला होता आणि दुपारी ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"लायनीवर काम चालू असताना ज्याच्या हातात झेंडा दिला त्यानंच तो धरायचा असतो," तो म्हणाला. "दुसऱ्याची दया आली म्हणून झेंडा देऊन टाकला तर गाडीवाल्यानं काय समजायचं?"

"समजलं मला. आनखी बोलू नका."

"न्हाई बोलत. पण कबूल केलंस ते बरं केलंस." आणि तो चहा ठेवायला आत गेला.

पुढच्या रविवारी विहारात शालननं चौथं शील एवढ्या मोठ्यानं म्हटलं, की नंदाबाईंनी वळून बघितलं.

तीन आठवड्यांनी रेणुकाचा फोन आला. समितीनं झाला प्रकार नोंदवून घेतला होता. दोघींना काढलं नव्हतं. ज्या नंबरात त्या होत्या त्याच नंबरात राहणार होत्या आणि चुकीची नोंदही कागदावर तशीच राहणार होती. "आणि आणखी एक," रेणुका म्हणाली. "बाटली दुसऱ्याला देऊ नये हे माहितीपत्रकाच्या अकराव्या पानावर एका ओळीत होतं. मी ते भरभर वाचून दाखवलं होतं. का देऊ नये, ते सांगितलंच नव्हतं. तेवढी चूक माझी. आता नव्या लोकांना मी ते सगळ्यात आधी सांगते."

सांगायला तिनं हिरीला हाताशी धरलं. दुसऱ्या मंगळवारी नवी माणसं बाकावर बसली, की हिरी आपली पाटी बाजूला ठेवून सुरू करायची. "बाटली म्हंजी दातवन हाय. कुनाचं कुनी तोंडात घालतं का? आन् दया यील. मला न्हाई, हिला आलती." ती शालनकडे बोट दाखवायची. "हिनं मला बाटली दिली, मी घ्येतली, म्हैना वाया ग्येला. तुमी तसलं करू नगा." माणसं हसायची आणि शालनही हसायची. जळवेची गोष्ट तर आता रेणुका पानावर लिहूनच देत होती.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात शालनचा डोळा एकदा लाल झाला. लहानसाच, दहा दिवसांत गेला. ऑगस्टमध्ये त्यांचे थेंब संपले. मागून भरती झालेल्यांचेही संपले तेव्हा, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात, सगळ्यांना बोलावणं आलं.

दवाखान्याच्या मागच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. शे-सव्वाशे माणसं आली होती. बरीचशी एकमेकांना तोंडावरून ओळखत होती. डॉक्टर रुपाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी कागद बघून सांगितलं, की चाचणीत एकशे बासष्ट जण होते. बिनऔषधाच्या एक्क्याऐंशी जणांमध्ये दीड वर्षात चोवीस जणांचा डोळा आला. औषधाच्या एक्क्याऐंशींमध्ये तेरा जणांचा. "औषधानं हा आजार संपत नाही. पण निम्म्याच्या आसपास कमी होतोय असं दिसतंय. नक्की म्हणायला आणखी मोठी चाचणी लागेल. पण इथपर्यंत तुम्ही आणलंत."

मग रेणुकानं बंद पाकिटं वाटली. प्रत्येकाचं वेगळं, वर फक्त नंबर. खोलीत कागद फाडल्याचे आवाज सुरू झाले. कुणी "बघा, मी म्हणत नव्हतो!" म्हणत होतं, कुणी नुसतंच मान हलवत होतं.

शालननं आपलं उघडलं आणि दोनदा वाचलं. मग हिरीनं आपलं तिच्यापुढं धरलं. "मपलं वाच."

शालननं ते वाचलं आणि आपला कागद पुन्हा उघडून दोन्ही शेजारी-शेजारी धरले.

"काय हाय? पानी ना?"

"न्हाई," शालन म्हणाली. "तुज्यात औषध हुतं. माज्यात पानी."

हिरीचं तोंड उघडंच राहिलं. "म्हंजी मपलं औशिद तुला दिऊन मी तुपलं पानी घ्येतलं? कापनीला?"

"व्हय."

"आन् मी वाडीवर समद्यांना सांगितलं, शालनच्या बाटलीनं डोळा उघडला!"

ती हसायला लागली. डोळ्याला पदर लावून, खुर्चीवर मागं-पुढं होत हसत राहिली. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. शालनलाही हसू येत होतं, पण ते अर्ध्यावर थांबत होतं. दीड वर्ष, दिवसातून तीनदा, ती घड्याळ लावून डोळ्यात पाणी घालत होती. लग्नाला गेली तरी पिशवीत बाटली नेली होती. तिला आपण फार मोठं गाढव ठरलो असं वाटू लागलं.

रेणुका जवळ आली तेव्हा तिनं तेच विचारलं. "म्हणजे माजं समदं फुकटच गेलं का, मॅडम?"

रेणुका तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. "मावशी, तेरा हा आकडा एकटा असता तर कुणाला काही कळलं असतं का? तेरा म्हणजे थोडे की जास्त? तो चोवीसच्या शेजारी ठेवला तेव्हा कळलं. त्या एक्क्याऐंशी माणसांनी नेमानं पाणी घातलं नसतं, तर हे औषध आज आहे तिथंच राहिलं असतं."

शालननं पाकीट घडी करून पर्समध्ये ठेवलं. "त्या चोवीसांत मीबी हाय ना? मे महिन्यातली?"

"आहात. आणि हिरीमावशी तेरांमध्ये आहेत."

"मंजी औशिद आसून मपला आला, आन् पानी आसून हिचा आदी न्हाई आला?" हिरीनं विचारलं. "मंग आमी आमच्या डोळ्यांवरनं कायबी वळखलं नसतं."

"नसतंच," रेणुका म्हणाली. "म्हणून तर एकशे बासष्ट माणसं लागली."

पुढच्या चाचणीत बिनऔषधाच्या लोकांना आधी खरं औषध मिळणार होतं. शालननं तिचं नवं माहितीपत्रक मागून घेतलं. त्याची चौदाही पानं तिनं तिथंच बसून वाचली. रेणुकाला दोन प्रश्न विचारले, त्यांतला एक रेणुकालाही सुचला नव्हता. तिनं तो लिहून घेतला, डॉक्टरांना विचारून सांगते म्हणाली. उत्तर आल्यावर सही करीन, असं शालननं सांगितलं.

ह्या सगळ्यात तीनची गाडी गेली. तळेगाव स्टेशनबाहेर दोघींनी गरम वडापाव खाल्ले. हिरीनं हिरव्या मिरच्या तीन मागून घेतल्या आणि तिन्ही खाल्ल्या. पुढच्या गाडीनं कान्ह्याला उतरल्यावर टाकव्याची जीप उभी होती.

"चल की वर," हिरी म्हणाली. "तीन वरसं होत आली, तू मपलं घर बघितलं न्हाईस. पावटं आल्यात. उकडून खाऊ. सकाळच्या जीपनं खाली सोडीन."

शालननं घटकाभर विचार केला. एका गिऱ्हाईक बाईचे दोन ब्लाउज उद्या द्यायचे होते, पण ती बाई नेहमी दोन दिवस उशिराच यायची. शालननं भिकाजीला फोन लावला.

"मी आज हिरीकडं चाललेय. उद्या येईन."

"आन् जेवायचं?" पलीकडून भिकाजीनं विचारलं. "मला भाकरी कुटं येते?"

"मग भात टाका. आकाशला डाळ येते."

"बरं. पाकिटात काय निघालं तुज्या?"

"पानी," शालन म्हणाली. जीपमध्ये हिरीनं तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "उद्या सांगते समदं. लय मोठी गंमत हाय."